साबण तोच, पाणी निराळं

कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याच्या अलीकडे-पलीकडे पत्र्याच्या शेड दिसू लागतात. बाहेर ‘फोम वॉश’ लिहिलेला फ्लेक्स, आत सिमेंटचा उतार, कोपऱ्यात प्रेशर पंपाची घरघर आणि मधोमध पांढऱ्या फेसात पार बुडालेली एखादी स्विफ्ट. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडलाही हेच चित्र. गिऱ्हाईक प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बॉनेटवरून ओघळणाऱ्या फेसाचा व्हिडिओ काढतं आणि चहा मागवतं. फेस दाट म्हणजे धुलाई चांगली, असा सगळ्यांचाच समज. शेडवाल्याचा तर धंदाच त्या समजावर चालतो.

हा फेस आता घरीही आला आहे. छोटा प्रेशर वॉशर आणि त्याला लावायची फोमची बाटली ऑनलाइन मिळते. तेवढा खर्च नको असेल तर हाताने हवा भरायची दोन लिटरची बाटली आहेच. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात ती बाहेर निघते आणि निम्म्या वेळा निराशा होते. व्हिडिओत साय धरल्यासारखा बसणारा फेस इथे पाण्यासारखा घसरून जातो. मग शॅम्पू बदलला जातो, प्रमाण दुप्पट केलं जातं, शेजारी आपला अनुभव सांगतो. टाकीत आज नळाचं पाणी पडलं आहे की टँकरचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पूर्वीच्या ठाणे-कल्याणकरांनी तोच प्रश्न आधी विचारला असता. फेसाची ही तक्रार या भागात मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथेच तिला भरतीचं पाणी भेटायला लागतं. पुढे डोंबिवलीच्या कडेने, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून ठाण्याला जाते ती खाडीच. ठाणे, मुलुंड, भांडुपच्या काठाने मिठागरं होती, यावरून त्या पाण्याची जात कळते. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी मचूळ. खाडीपासून दूर, काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरी गोड्या खऱ्या, पण त्यांचंही पाणी पुष्कळदा जड. नव्या घरी राहायला आलेल्या बाईसाठी विहिरीच्या परीक्षा दोनच होत्या. डाळ शिजते का आणि साबणाला फेस येतो का.

या दोन्ही परीक्षांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. ते डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरतं, त्यामुळे डाळ दाताखाली टणक लागते. साबणाशी गाठ पडली की ते त्याच्यातल्या तेलाम्लांना चिकटतं आणि पाण्यावर राखाडी साका तरंगायला लागतो. सगळं कॅल्शियम साका होऊन संपेपर्यंत फेस धरतच नाही. म्हणजे वडीचा बराचसा भाग कपड्याला लागायच्या आधीच पाण्याने खाल्लेला असतो. मचूळ पाण्याची तऱ्हा वेगळी. मीठ वाढलं की साबण नीट विरघळतच नाही. साबण बनवणारे हे पक्कं ओळखून असतात, कारण कढईत शिजलेला साबण पाण्यापासून वेगळा काढायला ते मुद्दाम मीठच टाकतात.

कपडे धुण्यावर ज्यांचं पोट होतं त्यांनी यावर उपाय शोधून ठेवले होते. ठाण्याच्या चरईजवळची धोबी आळी आजही त्या नावाने ओळखली जाते. परिटांचा भरवसा वडीच्या साबणापेक्षा सज्जीखारावर आणि पुढे धुण्याच्या सोड्यावर. सोडा पाण्यात पडला की कॅल्शियमला आधीच खाली बसवतो आणि मग साबणाला मोकळं रान मिळतं. मळके कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर वाफ द्यायची आणि घाटावर आपटायचे. या साऱ्या खटाटोपात फेसाला कुणी विचारत नव्हतं. कपडा पांढरा निघाला की काम झालं.

घरात फेसाची खरी हौस भागवली ती रिठ्याने. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी आठळ्या काढून हाताने कुस्करायचे, की पातेलं काठोकाठ फेसाळतं. डोळ्यात गेलं तर अर्धा तास झोंबतं, ही त्याची एकमेव खोड. रिठ्यातलं सॅपोनिन हे साबणापेक्षा वेगळ्या घडणीचं द्रव्य आहे. कॅल्शियमशी त्याचं वैर नाही, त्यामुळे जड पाण्यातही त्याचा फेस टिकतो. पैठणी, शालू, लोकरीच्या बंड्या रिठ्याच्या पाण्यात निघायच्या. सराफाच्या दुकानात दागिने उजळायला आजही रिठ्याचं पाणी सापडतं.

पावसाळ्यात तर रिठ्याचीही गरज उरत नसे. कौलांच्या पागोळ्यांखाली पिंपं, घंगाळी, हंडे मांडले जात. पहिल्या दोन सरी कौलांवरची धूळ घेऊन जाऊ द्यायच्या आणि मग भरायचं. आभाळातून पडणाऱ्या पाण्यात विरघळलेलं जवळजवळ काही नसतं. वडी एकदा फिरवली की हात फेसाने भरायचा आणि त्याच पाण्यात शिजलेली डाळ एका उकळीत मऊ व्हायची. आज ठाण्यातल्या नव्या इमारतींना पर्जन्यजल साठवणं बंधनकारक आहे. ते पाणी गाडी धुवायला उत्तम असतं, पण ते बहुतेक वेळा बोअरवेलमध्ये सोडलं जातं आणि खडकाची चव घेऊनच परत वर येतं.

वडीचा साबण हिंदुस्थानात उतरला तो बोटीतून. लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी १८८८ मध्ये कलकत्ता बंदरात आली. पुढची दोन-तीन दशकं साबण म्हणजे बहुतांशी विलायती, आणि त्यात कोणाची चरबी आहे याची धास्ती वेगळीच. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पती तेलाचा साबण काढला तो या धास्तीला उत्तर म्हणून. टाटा ऑइल मिल्स १९१७ मध्ये कोचीनकडे उभी राहिली, खोबरेल तेलाच्या प्रदेशात. १९३४ च्या ऑक्टोबरात शिवडीला लीव्हरचा कारखाना सुरू झाला आणि साबण ठाण्यापासून लोकलच्या अंतरावर आला.

यातलं खोबरेल तेल महत्त्वाचं. चरबीच्या किंवा शेंगदाणा तेलाच्या साबणापेक्षा खोबरेलाचा साबण जड आणि खारट पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो, कारण त्याची तेलाम्लं आखूड साखळीची असतात. समुद्राच्या पाण्यात अंघोळ करणाऱ्या खलाशांसाठी जगभर खोबरेलाचाच साबण बनवत. खाडीकाठच्या घरांना हे रसायनशास्त्र कुणी समजावलं नव्हतं. अमुक साबण ‘आपल्या पाण्याला चालतो’ आणि तमुक चालत नाही, एवढं गृहिणींना पक्कं ठाऊक होतं.

मग नळ आला आणि चित्रच पालटलं. ठाण्याला आधी पोखरण तलावाचं पाणी होतं; दोन रस्त्यांच्या नावांत ते उरलं आहे. मुंबईसाठी १८९२ मध्ये तानसाचं पाणी सुरू झालं, त्या जलवाहिन्या ठाण्यावरूनच गेल्या. आजचं ठाणं भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून आणि टेमघरच्या केंद्रातून पाणी घेतं, शिवाय स्टेम ही जलवितरण कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही. कल्याण-डोंबिवलीचं पाणी उल्हासचं; मोहिली, बारावे आणि नेतिवली इथे शुद्ध होऊन येणारं. बारवी धरण एमआयडीसीने उद्योगांसाठी बांधलं, पण त्याच्या पाण्यावर आता कारखान्यांइतकीच घरंही जगतात. या सगळ्या पाण्याचं मूळ एकच, सह्याद्रीवरचा पाऊस. चार महिन्यांत धो-धो कोसळून ओढ्या-नाल्यांतून धरणात उतरलेल्या पाण्याला खडकात मुरायला फुरसतच मिळत नाही, म्हणून ते हलकं राहतं. विहिरीवरून नळावर आलेल्या घरात तीच वडी जास्त दिवस पुरू लागली, त्याचं श्रेय साबण कंपन्यांनी खुशाल स्वतःकडे घेतलं.

मोटारीचं प्रकरण इथून सुरू होतं, आणि डोंबिवलीच्या बाबतीत त्यात एक गंमत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली आणि सत्तरीच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ मार्गालगत होता. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी हातमिळवणी करून तिथे प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत होती. कामगारांचा संघर्ष आणि भागीदारांचं बिनसणं यांत ते सगळं काही वर्षांत संपलं. ‘प्रीमियर मैदान’ हे नाव मागे राहिलं, सभांच्या आणि मेळाव्यांच्या बातम्यांतून ते अजून भेटतं. म्हणजे गाड्या गावाच्या वेशीवर बनत होत्या आणि गावकरी सात पंचवीसच्या लोकलला लोंबकळत होते. त्या पिढीच्या डोंबिवलीकराला ‘कार’ म्हटल्यावर कळव्याची कारशेड आधी आठवायची.

गाडी असायची ती डॉक्टरांकडे, एखाद्या वकिलाकडे, वागळे इस्टेटमधल्या कारखानदाराकडे. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे दारात आलेल्या गाडीची काळजी घरच्या माणसासारखी घेतली जायची. रविवारी बंगल्याच्या फाटकाशी बादली, मग आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी निघायची. पिवळ्या साबणाचा लांब बार सुरीने कापून त्याचे तुकडे गरम पाण्यात विरघळवायचे आणि ते पाणी टपापासून खाली लावत यायचं. नळाचं पाणी असेल तर फेस चांगला यायचा. विहिरीचं असेल तर तोच राखाडी साका रंगावर वाळून बसायचा आणि उन्हात गाडीला कोड फुटल्यासारखे डाग दिसायचे. ते काढायला मग रॉकेलचं बोट लावलेलं फडकं. गॅरेजवाले तर पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेलचा फवारा मारत, गंज धरू नये म्हणून. वास आठवडाभर राही.

१९५९ मध्ये सर्फ आला. सर्फ हा साबण नव्हेच. त्यातलं फेस आणणारं द्रव्य कॅल्शियमसमोर साबणासारखं साका होऊन मरत नाही, आणि भुकटीत मिसळलेले क्षार पाण्याचा जडपणा आधीच बांधून ठेवतात. मचूळ विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाईला चमचाभर भुकटीत बादलीभर फेस मिळाला, ही तेव्हाची केवढी मोठी घटना असेल याची कल्पना नळावर वाढलेल्या पिढीला येणार नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत हा फेस चाळीतल्या मोरीतही परवडू लागला. भुकटी घरात आली तशी ती गाडीवरही गेली. फेस असा यायचा की मालक खूश! त्याच फेसाने गाडीवरचं मेण उतरत होतं आणि काळ्या फियाटची चमक मावळत होती, हे ध्यानात यायला काही पावसाळे जावे लागले. कपड्यांची भुकटी बरीच क्षारधर्मी असते. कपडे ते सोसतात, पॉलिश सोसत नाही.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बँकेच्या कर्जावर घेतलेली मारुती नौपाड्यात, पाचपाखाडीत, रामनगरमध्ये, टिळकनगरमध्ये दिसू लागली. त्या पाठोपाठ गाड्यांचा रंगही बदलला. खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक लॅकर. हा वरचा थर दिसायला आरसा, पण पातळ. मातीचा एक कण फडक्यात अडकला की त्यावर बारीक गोल चरे उठतात आणि सोसायटीच्या ट्यूबलाइटखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात.

हे चरे उमटवण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे तो पहाटेच्या पुसण्याचा, आणि हा प्रकार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. साडेपाचच्या सुमारास गाडी पुसणारा माणूस आवारात येतो. खांद्यावर तीन-चार फडकी, हातात अर्धी बादली पाणी. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत त्याला आठच्या आत वीसेक गाड्या उरकायच्या असतात. पहिल्या गाडीच्या वेळी पाणी स्वच्छ असतं. चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत ते चहाच्या रंगाचं होतं आणि पुढच्या गाड्यांना फडक्यातून तीच माती परत लागते. दोष त्याचा नाही. दुसरी बादली भरायला नळ सुटलेला नसतो आणि पाइप लावायला सोसायटीची मनाई असते. शहरात दरडोई दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. साध्या पाइपमधून मिनिटाला पंधरा लिटर गेलं तर दहा मिनिटांच्या गाडीधुण्यात एका माणसाच्या दिवसाच्या वाट्याहून जास्त पाणी वाहून जातं. सोसायटीच्या सचिवाला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही, टँकरचं बिल त्याच्याच सहीने जातं.

टँकरपाशी आलं की गोष्ट पुन्हा विहिरीकडे वळते. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. त्यानंतर इमारती ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने नळ वाढले नाहीत. घोडबंदर पट्ट्यात पाण्याची अशी ओरड झाली की २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घातला. कल्याण-डोंबिवलीच्या सीमेवरची सत्तावीस गावं १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आत घेतली गेली. गावं आत-बाहेर होत राहिली, टॉवर उभे राहत गेले आणि तहान भागवायला बोअरवेल आणि टँकर धावले. बोअरवेलचं पाणी खडकातलं, जुन्या विहिरींपेक्षाही खोलातलं. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे दोन सोसायट्यांच्या नियमात बसणाऱ्या पाण्यांत तिप्पट किंवा त्याहूनही जास्त फरक असू शकतो. साबण तोच, शॅम्पू तोच, गाडीही तीच.

गाडीच्या शॅम्पूत बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेट असतं, डोक्याच्या शॅम्पूतलंच. जड पाण्यात ते साबणासारखं साफ हरत नाही, पण फेस विरळ होतो. हा माल दुरून येतो असंही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पावण्याशी १९८० मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स कंपनीचं नाव जोडलेलं आहे. शॅम्पू, साबण, टूथपेस्टला लागणारी फेसद्रव्यं ती बनवते आणि तिचे कारखाने तारापूर, तळोजा इथे आहेत. कपड्यांच्या भुकटीत जातं ते अल्किल बेंझीन रिलायन्सच्या पाताळगंगा कारखान्यात तयार होतं. बाटलीवर कुठल्याही देशाचं नाव असो, आतला फेस शेजारच्या तालुक्यातून निघालेला असण्याची शक्यता बरीच आहे.

तो बाटलीतून गाडीवर येतो कसा, हे फोमची तोटी उघडली की कळतं. आत पितळेचा एक तुकडा असतो, त्याला जेमतेम एक मिलिमीटरचं भोक. प्रेशर वॉशरचं पाणी त्यातून सुसाट निघतं आणि त्या वेगाने बाटलीतला शॅम्पू नळीवाटे वर ओढला जातो, बाजूच्या फटीतून हवाही. पुढे पोलादी तारेची बारीक जाळी ठासलेली असते. पाणी, शॅम्पू आणि हवा तिच्यातून भरडून निघतात आणि त्याचे मोहरीएवढे, मग त्याहून बारीक बुडबुडे होतात. फेस दाट की पातळ हे ठरतं ते या जाळीत, आणि बोअरवेलचं पाणी घात करतं तेही इथेच. काही महिन्यांत तारांवर चुन्याचा थर चढतो, हवा नीट शिरत नाही आणि नवीकोरी तोटी दूध ओतल्यासारखं पाणी फेकू लागते. उपाय वाण्याकडे आहे. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात जाळी रात्रभर बुडवून ठेवली की ती मोकळी होते. किटलीच्या बुडाशी बसलेला पांढरा थर काढायला घरोघरी तेच वापरतात.

तोटी नसली तरी अडत नाही. बादलीत आधी शॅम्पू टाकून वरून जोराची धार सोडली की फेस चांगला उठतो. पाणी भरून वर शॅम्पू ओतणाऱ्यांना तो मिळत नाही, कारण हवा कोंडायला धार लागते. पाणी नळाचं घ्यावं, मग ते शिळं असलं तरी चालतं. गाडी सावलीत आणि बॉनेट गार झालेलं असावं, नाहीतर फेस धुण्याआधीच वाळतो. दुसरी बादली नुसत्या पाण्याची, फडकं किंवा हातमोजा दर वेळी तीत पिळून घ्यायला. भांड्यांचा लिक्विड साबण फेस भरपूर देतो, पण तो तेलकटपणा काढायला बनवलेला. गाडीवरचं मेण त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच.

आणि फेसाचं एवढं कौतुक कशासाठी, हाही प्रश्न आहेच. मळ उचलतात ते शॅम्पूचे पाण्यातले रेणू, बुडबुडे नव्हेत. पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीनच्या भुकट्या मुद्दाम कमी फेसाच्या बनवतात आणि कपडे तरीही निघतात. गाडीवर फेसाचा खरा उपयोग इतकाच की तो उभ्या पत्र्यावर थोडा वेळ धरून राहतो, माती भिजवतो आणि फडकं फिरवायच्या आधी बरीचशी खाली घेऊन जातो. चरे वाचतात ते त्यामुळे. पाण्याचा झोत मारून यंत्राने धुण्याची कल्पना जुनीच आहे. जर्मनीच्या कार्चर कंपनीने १९५० मध्ये युरोपातला पहिला गरम पाण्याचा प्रेशर वॉशर बाजारात आणला होता. फेसाचा देखावा त्यावर नंतर चढला.

डोंबिवलीत मात्र भिजवून माती काढण्याला फार महत्त्व आहे, कारण इथे गाडीवर नुसती माती बसत नाही. १९६० च्या दशकात आलेल्या एमआयडीसीने शहराला रोजगार दिला आणि रसायनांचा शेजारही. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवट पाऊस पडला आणि रस्त्यावर उभ्या गाड्यांवर त्याचे थेंब उमटले. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहायला आले. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण-बदलापूर पट्ट्यात गाड्या चिखलात बुडवल्या. गाळाचा तो थर कुठल्याही शॅम्पूला दाद देणारा नव्हता, तो आधी नुसत्या पाण्याने सोडवावा लागला.

धुतलेला फेस जातो कुठे, याचा विचार शेडवाला करत नाही आणि घरवालाही. आवारातली पन्हळ बहुतेक ठिकाणी पावसाळी गटाराला मिळते, गटार नाल्याला आणि नाला खाडीला. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र त्या वाटेवर लागतच नाही. वालधुनी नदीचं काय झालं हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने ती निळी-काळी वाहत होती आणि ते थांबवायला पर्यावरणवाद्यांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. गाड्यांचा फेस त्या मानाने किरकोळ खरा. पण उल्हास आणि काळू या नद्यांच्या काठी रिक्षा, टेम्पो थेट पाण्यात उतरवून धुतले जातात, आणि त्या उल्हासचंच पाणी पुढे मोहिलीला उपसलं जातं. रिक्षावाल्याचं म्हणणंही ऐकण्यासारखं असतं. त्याच्या चाळीत पाणी एक दिवसाआड येतं, मग रिक्षा कुठे धुवायची?

वर्षातला एक दिवस मात्र सगळे नियम बाजूला ठेवतात. खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं धुऊन पुजायची, ही जुनी रीत. कल्याणच्या ग्रामीण भागात आगरी-कुणबी घरांतून दिवाळीच्या पाडव्याला बैल नदीवर नेऊन धुतात, रंगवतात आणि संध्याकाळी पेटत्या गवतावरून उडवतात. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आणि टेम्पो आले, धुणं तसंच राहिलं. शहरात ते दसऱ्यावर सरकलं. आदल्या संध्याकाळपासून फोम वॉशच्या शेडबाहेर रांग लागते, दर चढतात आणि नंबर रात्री उशिरा लागतो. ज्यांना रांग नको असते ते आवारातच बादली काढतात, आणि कित्येक सोसायट्यांत त्या एका दिवसापुरती पाइपची बंदी उठलेली असते. टाकी दुपारीच रिकामी होते. टँकर मागवला जातो, सकाळी नळाच्या पाण्यावर धुतलेल्या गाड्या झेंडूची माळ घालून बाहेर पडतात, आणि उशिरा उठलेल्यांना बोअरवेलच्या पाण्यात फेस काढत बसावं लागतं.